ज्याच्यावर कुत्री भुंकत नसत

आमच्या गावात एकच माणूस असा होता की ज्याच्यावर कुत्री भुंकत नसत. हे मी कौतुकाने लिहीत नाही. ज्यांनी ते पाहिले, त्यांना ते रुचत नसे.

गुणाजी परब गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर होता. मूळचा पेडण्याचा. आमचा गाव गोव्यात नार्व्याजवळ, नदीकाठी. मी त्या गावच्या पंचायतीचा सेक्रेटरी होतो. त्याच्या दवाखान्याचे छप्पर माझ्या खिडकीतून दिसे. अकरा वर्षे आम्ही शेजारी काम केले. त्याच्या घरी मी एकदाही गेलो नाही आणि तो माझ्या घरी आला नाही. तरी आज ज्यांच्याविषयी लिहावे असे वाटते, त्या थोड्या माणसांत तो पहिला आहे.

उंच, वाळका, किंचित एका बाजूला कललेला. बोलतानाही तो कधी समोरासमोर उभा राहत नसे. खांदा पुढे करून, नजर तुमच्या पायांवर ठेवून बोले. नव्या माणसाला तो उद्धट वाटे. मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाला, "सवय. कुत्र्याच्या दोळ्यांत दोळे घातले तर तो समजता, झगड्याक आयलो. मागीर मनशांकडेनय तशेंच जाता."

त्याची दुसरी सवय गावाला अधिक खटके. तो भर दुपारी बारा वाजता गाव फिरे.

आमच्याकडे ती वेळ राखणदाराची. गावाच्या सीमेचा न दिसणारा राखणदार खांद्यावर कांबळे आणि हातात दांडा घेऊन त्या वेळी आपली हद्द फिरतो, अशी समजूत. रिकाम्या वाटेकडे पाहून कुत्री भुंकू लागली की बायका दार ओढून घेत. सीमेवरच्या वडाखालून त्या वेळी कोणी जात नसे. गुणाजी नेमका तिथून निघे. अनवाणी. हातात काठी नाही, शीळ नाही, हाक नाही. तो वाडीत शिरला की कुत्री माना वर करीत आणि गप्प होत. एका अंगणातून दुसऱ्या अंगणात ती शांतता सरकत जाई. घरात जेवायला बसलेल्या माणसाच्या हातातला घास थांबे, कारण बाहेरचा आवाज थांबलेला असे. मग कोणीतरी हलक्या आवाजात म्हणे, "परब चल्लो."

आणखी एक होते. कधी कधी तो एखाद्या घरासमोर उभा राही. बोलत नसे. कान देऊन ऐके. ज्या घरासमोर तो उभा राहिला, त्या घरात आठवड्याभरात काही वाईट होते, असे लोक बोलू लागले. यात अतिशयोक्ती किती आणि खरे किती, हे ठरवणे माझे काम नाही. एवढे खरे, की दोनदा मी स्वतः पाहिले.

कारण साधे होते, आणि ते त्याने मला पहिल्याच वर्षी सांगितले होते. बाराच्या उन्हात धडधाकट कुत्रे सावलीला झोपते. जे झोपत नाही, त्याला काहीतरी झालेले असते. म्हणून बाराची वेळ. "कुत्रो पिसो जाता, ताच्या आदीं तो बदलता," तो म्हणे. "मायेचो आसलो तर काळखांत लिपून बसता. भियेकुरो आसलो तर लागीं येवन आंग घासता. आवाज बदलता. बदल पळोवचो. पिसाय सगळ्यांकच दिसता, बदल कोणाक दिसना." बदल पाहायचा, हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले की मला त्याचा कंटाळा आला होता.

त्याची माझी ओळख चांगल्या प्रसंगाने झाली नाही.

गावात कुत्री वाढली की पंचायत ठराव करी आणि पोयांत, म्हणजे पावांत, विष घालून ती वाडीवाडीत ठेवली जात. ठरावावर सही माझी. नियमाप्रमाणे पाळीव कुत्र्याच्या गळ्यात पंचायतीचा पत्र्याचा बिल्ला असे. बिल्ला नसलेले ते बेवारशी. पण विष बिल्ला वाचत नाही. मी रुजू झालो त्याच वर्षी पावसाळ्याआधी असा एक ठराव झाला. दुसऱ्या दिवशी परब कार्यालयात आला आणि त्याने माझ्या टेबलावर चामड्याचा एक पट्टा ठेवला. ओला होता. पट्ट्याला आमचा बिल्ला.

"हो तुमचो न्हय?"

"आमचाच."

"तुमी हो दिला कित्याक?"

मी नियम सांगितला. त्याने ऐकून घेतला. मग म्हणाला, "नेम बरो आसा. कुत्रो मेलो." आणि गेला. पट्टा नेला नाही.

त्यानंतर तो दर वर्षी एकच मागणी घेऊन येई: पिसाळू नये म्हणून कुत्र्याला सुई टोचल्याची दवाखान्याची चिठ्ठी पाहिल्याशिवाय बिल्ला देऊ नका. मी दर वर्षी सांगे की नियमात तसे नाही. नियमात खरोखरच नव्हते. मी नियमाबाहेर काही केले नाही, याचा तेव्हा मला अभिमान होता.

तो विनोदी नव्हता, पण त्याच्यामुळे एकदा सारा गाव हसला. आमच्या भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा, एक दांडगा कुत्रा होता. फणसाच्या बुंध्याला हातभर साखळीने जन्माचा बांधलेला. पोस्टमनला चावला, दूधवाल्याला चावला. भाटकाराने परबला बोलावले. म्हणाले, "वायट जात. गोळी घालूंया काय?"

परब कुत्र्याकडे गेला नाही. अंगणात भाटकारांची आरामखुर्ची होती, ती उचलून त्याने फणसाखाली ठेवली. "भाटकारानु, तुमी हांगा बसात. सांज मेरेन. हातभराच्या भायर वचूंक ना. लोक सामक्यान चलतले, तुमी पळयत रावपाचे."

"आनी मागीर?"

"मागीर पयलो जो कोण लागीं येतलो, ताका तुमी किदें करतले तें माका सांगात."

भाटकार लालबुंद झाले. "तूं गुरांकडेन आसा तें बरें, परबा! मनशांच्या दवाखान्यांत आसतो जाल्यार लोकांनी तुका पुरलो आसतो!" पण चार दिवसांनी त्या कुत्र्याला विहिरीपासून फाटकापर्यंत ताणलेल्या तारेवर लांब साखळी मिळाली, सावली मिळाली, पाण्याचे भांडे मिळाले. सकाळ-संध्याकाळ गडी त्याला शेताच्या बांधावरून फिरवू लागला. पोस्टमन पुढे पत्र पायरीवर ठेवून त्याच्या डोक्यावर हात ठेवून जाई. परबने याचा पुन्हा कधी उल्लेख केला नाही.

गावाजवळच्या खाणीवर बेळगाव-कोल्हापूरकडचे कामगार येत. पावसाळ्यात खाण बंद पडली की ते गावी जात आणि पाळलेली कुत्री झोपड्यांपाशी सोडून जात. जून महिन्यात ती कुत्री आठ-आठ दिवस रस्त्याकडे तोंड करून बसत. परब त्यांना शिळा भात घाली आणि सुई टोची. जाणाऱ्या कामगारांना तो ट्रकजवळ जाऊन एवढेच विचारी, "ह्याका सांगलां रे, परत केन्ना येतले तें?" त्यांतले काही पुढच्या वर्षी कुत्र्याला ट्रकात घालून नेऊ लागले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, या आंदोलनाचे दिवस होते. रस्त्यांवर झाडे आडवी पडत, टायर जळत. आमच्या बाजूला मराठीचा जोर, नदीपलीकडे कोंकणीचा. डिचोलीचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, ते येईनासे झाले. दवाखान्यात परब एकटा.

नार्व्याच्या देवळापाशी फुले विकणारी शेवंती म्हणून एक विधवा आमच्या गावात राही. एकटी बाई. तिचा टायगर नावाचा तांबडा कुत्रा. तो रोज तिच्या फुलांच्या पाटीमागून देवळापर्यंत जाई आणि पायरीखाली बसे. एका दुपारी गुणाजी शेवंतीच्या घरासमोर उभा राहिला. मी त्याच वाटेने येत होतो.

टायगर उन्हात उभा होता. झोपलेला नव्हता. भिंतीचा चुना चाटत होता.

"शेवंतीबाय, हाका सुई दिल्ली?"

"बिल्लो आसा न्हय ताच्या गळ्यांत?" शेवंती हसून म्हणाली. "पंचायतीचो. मागीर पिसो कसो जातलो?"

माझ्या समोर म्हणाली. सहज म्हणाली. तेव्हा मला कळले की गावातल्या अर्ध्या माणसांची हीच समजूत आहे. मुलाच्या गळ्यात ताईत, तसा कुत्र्याच्या गळ्यात बिल्ला. तो घातला की ते पिसाळत नाही. इतकी वर्षे मी ताईत वाटत होतो, आणि तसे कोणी मला सांगितले नव्हते. किंवा एकाने दर वर्षी सांगितले होते.

"बांदून घाल ताका," परब म्हणाला. "फाल्यां सकाळीं सांखळ घेवन येतां. तोंडालागीं वचूं नाका."

तिने त्याला सुंभाने बांधले. सकाळी ती भात घालायला गेली तेव्हा सुंभ कुरतडून तुटलेला होता, आणि टायगरने तिचा हात धरला.

मी पोचलो तोवर दहा-बारा माणसे दांडे घेऊन अंगणात जमली होती. टायगर न्हाणीच्या कोपऱ्यात. शेवंती पायरीवर बसून हाताकडे पाहत होती, जसा तो दुसऱ्या कोणाचा असावा. परब साखळी घेऊन आला. त्याने प्रथम शेवंतीला घागरीच्या धारेखाली बसवले आणि शेजारणीला साबण देऊन म्हणाला, "धू. हांव पुरो म्हणसर धू." मग माणसांकडे वळला.

"मारूं नाकात. बांदात."

"चावलो तो! आनी किदें करपाचें बाकी आसा?"

"मेल्लो कुत्रो कांय सांगना. धा दीस जियेलो तर बायेक भंय ना. धा दिसांत मेलो तर…" त्याने शेवंतीच्या हाताकडे पाहिले. "पूण सुयो आजच सुरू करूंक जाय. कुत्र्याची वाट पळोवची न्हय."

तो खांदा पुढे करून कोपऱ्यात गेला. हळू बोलत होता. काय बोलत होता ते ऐकू आले नाही. साखळी अडकली. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगठ्यावर दोऱ्याएवढा लाल ओरखडा होता. त्यावर कुत्र्याची लाळ होती.

"चावला?" मी विचारले.

"सांखळ लागली." त्याने तोही हात साबणाने बराच वेळ धुतला.

माणसाला टोचायच्या सुया आरोग्य केंद्रात संपल्या होत्या. डिचोलीत नव्हत्या. पणजीत होत्या, आणि पणजीचा रस्ता बंद. परब थर्मास घेऊन फेरीबोटीने दिवाडीला उतरला, बेट पायी ओलांडले, दुसऱ्या फेरीबोटीने पलीकडे गेला. पलीकडे रस्त्यावर माणसे बसली होती. त्यांनी अडवून विचारले, "कोंकणीवालो काय मराठीवालो?"

"गुरांच्या दवाखान्यांतलो," याने सांगितले.

त्यांना हसू आले आणि त्यांनी सोडले. हे त्याने मला सांगितले, तेव्हा तो स्वतः हसला नाही.

संध्याकाळी तो बर्फात ठेवलेल्या सुया घेऊन परतला. पोटात घ्यायच्या चौदा. एका माणसापुरत्या. मी त्याच्या अंगठ्याकडे पाहिले. तो म्हणाला, "म्हज्यो जाल्यात. तरणो आसताना घेतिल्ल्यो." मी मान हलवली. आरोग्य केंद्रातल्या नर्सने पुढे मला सांगितले की एकदा घेतल्या म्हणजे जन्माच्या झाल्या असे नसते, पुन्हा घ्याव्या लागतात. हे तिने फार उशिरा सांगितले, आणि मी तिला फार उशिरा विचारले. दुसऱ्याच्या गळ्यातला ताईत त्याने ओळखला. स्वतःचा ओळखला नाही.

टायगरला दवाखान्यामागच्या लोखंडी गजांच्या कोंडवाड्यात ठेवले. परब रोज बारा वाजता गजांसमोर स्टूल टाकून बसे आणि वहीत लिही. चौथ्या दिवशी मी गेलो. ऊन पांढरे होते. कुत्रा उभा होता आणि कोंडवाड्याच्या रिकाम्या कोपऱ्यात कोणीतरी असल्यासारखा तिकडे पाहत होता. मधूनच हवेला चावे. जबडा लोंबू लागला होता. मग तो भुंकला. त्या आवाजाचा आरंभ कुत्र्याचा होता, शेवट कुत्र्याचा नव्हता. भुंकता भुंकता आवाज वर चढला आणि तिथेच राहिला. मी मागे सरलो.

"आयकलो?" परब म्हणाला. "हो आवाज एकदां आयकलो की विसरना." आणि वहीत लिहिले.

कुंपणाबाहेर शेवंती उभी होती. रोज सुई घेऊन ती तशीच इकडे येई. तिने "टायगर" म्हणून हाक मारली. त्या कुत्र्याला आता काही कळत नसावे. डोळे काचेचे झाले होते. तरी शेपटीचे टोक हलले. परबने तिला परत पाठवले नाही. फक्त एवढे म्हणाला, "पयस राव, बाय. तो तुजोच आसा. पूण तोंड ताचें न्हय आतां."

सहाव्या दिवशी टायगर मेला. परबने तो खोल खड्ड्यात चुना घालून पुरला. शेवंतीच्या चौदाही सुया पूर्ण झाल्या. ती आजही आहे.

त्या आठवड्यात मी कार्यालयाच्या दारावर कागद चिकटवला: सुईची चिठ्ठी असल्याशिवाय बिल्ला मिळणार नाही. नियमात नव्हते. कोणी हरकत घेतली नाही. विषाचा ठराव माझ्यासमोर पुन्हा आला तेव्हा मी सही केली नाही. परबने कागद वाचला, माझ्या पायांकडे पाहिले आणि म्हणाला, "अक्षर बरें आसा."

आंदोलन निवले. भाषेचा कायदा झाला. उन्हाळ्याच्या अखेरीस गोवा राज्य झाले. आमच्या कार्यालयावरही पताका लागल्या. त्या अजून उतरवल्या नव्हत्या, तेव्हा एका सकाळी परब आला. नेहमी उभा राही. त्या दिवशी बसला. अंगठा चोळत होता.

"तीन दीस जाले. हांगाच्यान मुंग्यो चडटात." त्याने बोट अंगठ्यापासून कोपरापर्यंत नेले. दुसऱ्याच्या गुराविषयी सांगावे तसे सांगत होता.

शिपायाने नेहमीप्रमाणे त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. परबने पेल्याकडे पाहिले. त्याचा गळा आतून कोणी आवळावा तसा हलला. मान आपोआप वळली. त्याने हाताच्या पाठीने पेला हळूच टेबलाच्या कडेपर्यंत सरकवला, आणि तेवढ्यानेही त्याला श्वास लागला.

मी शिपायाला पेला नेण्यास सांगितले.  

त्याने वही माझ्यापुढे ठेवली. टायगरच्या सहा दिवसांनंतरची पाने कोरी होती. शेवटच्या पानावर मात्र परवाच्या तारखेने त्याच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: अंगठा, मुंग्या. त्याखाली कालची तारीख: झोप नाही. त्याखाली आजची, आणि पुढे जागा सोडलेली.

नर्स त्याला पणजीला नेणार होती. मी बरोबर निघतो म्हणालो.

"तुमी हांगा रावात. सोमाराक सुयो येतल्यो. कुत्र्यांक धरपाक कोण तरी जाय."

"परब, मला कुत्री धरता येत नाहीत."

"कुशीन उबे रावात. दोळ्यांत पळोवं नाकात. येता."

फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत मी गेलो. ऊन चढले होते. वाऱ्याची झुळूक तोंडावर आली की त्याचा चेहरा ओढला जाई, म्हणून त्याने डोक्यावरून पंचा घेऊन तोंड झाकले होते. नर्स दंड धरून चालत होती. वाडीत शिरलो तेव्हा सवयीने मी शांततेची वाट पाहिली.

पहिला भुंकला तो भाटकारांचा. तारेवरची साखळी ताणून, दात काढून. मग त्याच्या शेजारचा. मग खाणीवरून आलेली, ज्यांना त्याने स्वतः भात घातला होता ती. एका अंगणातून दुसऱ्या अंगणात ते भुंकणे आमच्या पुढे सरकत गेले. बायका दारात आल्या आणि आत गेल्या. शेवंती मात्र बाहेर आली आणि पाटी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

परब थांबला. पंच्याआडून त्याने थोडा वेळ ऐकले, जसा तो लोकांच्या घरांसमोर उभा राहून ऐके.

"तांकां कळ्ळें," तो म्हणाला. त्याच्या आवाजात समाधान होते.

फेरीबोटीवर तो पाण्याकडे पाठ करून, पंचा ओढून घेऊन लोखंडी कठड्याला टेकून बसला. नर्स त्याच्या आणि वाऱ्याच्या मध्ये उभी राहिली. कुत्री धक्क्याच्या उतारापर्यंत आली होती आणि पाण्याच्या काठाने भुंकत होती. मी त्यांच्यामध्ये उभा होतो. माझ्याकडे एकानेही पाहिले नाही. बोट नदीच्या मध्यावर गेली तोवर ती भुंकत होती.

मग सगळी एकदम गप्प झाली. मी खाली पाहिले. माझी सावली पायाखाली होती. बारा वाजले होते.